जुन्या फियाटला सनरूफ पाडायचंय? थांबा, आधी छताचं कापड का लोंबलं ते बघा

मार्गासनी, ता. राजगड (वेल्हे) : लग्नसराई आली की आपल्या भागात जुन्या गाड्या बाहेर निघतात. गोठ्याच्या कडेला, पेंढ्याच्या गंजीच्या आडोशाला नाहीतर जुन्या वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली फियाट, अँबॅसडर किंवा जीप. पाणी मारलं, पॉलिश केलं की बाहेरून गाडी झकास दिसते. दार उघडलं की मात्र खरी अवस्था कळते. छताचं कापड लोंबून डोक्याला लागतंय, कोपऱ्यात पिवळे डाग, कुबट वास आणि उंदरानं केलेलं भोक.

मार्गासनीच्या जवळच्या एका वाडीत अशीच १९७० सालची फियाट आहे. घरातल्या आबांनी घेतलेली. नातवाचं लग्न ठरलं आणि वरात याच गाडीतून काढायची असं घरात ठरलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण नातवानं मोबाईलवर व्हिडिओ बघून वेगळीच टूम काढली. "आबा, कापड तसंही फाटलंय. तुम्ही म्हणाल तर ते काढूनच टाकू आणि सनरूफ पाडून घेऊ. पुण्यात एका दिवसात करून देतात."

आबा म्हणाले, "घराच्या छपराला भोक पाडून कोण राहतं रे? ते पण आपल्याकडच्या पावसात?"

दोघांचाही आग्रह ऐकून मी जरा खोलात गेलो. कुशनवाले, पत्र्याचं काम करणारे डेंटर आणि जुन्या गाड्या राखणारे लोक यांच्याकडून माहिती घेतली, कायदाही बघितला. ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे किंवा ज्यांनी सेकंडहँड सनरूफवाली गाडी घेतली आहे, त्यांना उपयोगी पडेल म्हणून इथे सविस्तर देतो.

फियाटचं आणि आपलं नातं

ही गाडी परदेशी नावाची असली तरी आपल्या महाराष्ट्रातच बनायची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना होता. तिथे १९६४ पासून फियाट ११०० डिलाईट तयार होऊ लागली. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, गिअर स्टिअरिंगजवळ. १९७४ मध्ये याच गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं आणि साधारण २००० सालापर्यंत ती बनत राहिली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ मध्ये झाली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर ती मुंबईच्या रस्त्यावरून निघून गेली.

या टॅक्सीत बसलेल्यांना तिचं छत आठवत असेल. फुलाफुलांचं, चट्ट्यापट्ट्यांचं रेक्झिन लावलेलं असायचं. २०१५ मध्ये मुंबईत 'टॅक्सी फॅब्रिक' नावाचा उपक्रम निघाला. त्यात तरुण डिझायनर मुलामुलींनी टॅक्सीच्या सीटचं आणि छताचं कापड चित्रांनी नटवलं. आत बसलं की डोक्यावर चित्रच दिसायचं. सांगायचा मुद्दा हा, की गाडीचं छत बदलायची हौस काही नवी नाही. फक्त त्या लोकांनी कापड बदललं, पत्रा कापला नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

छताचं कापड लोंबतं कशानं?

गाडीच्या छताला आतून कापड लावायच्या मुख्य दोन पद्धती आहेत. आपल्या गाडीत कोणती आहे हे कळल्याशिवाय कामाला हात घालू नये.

पहिली पद्धत जुनी, कमानीची. फियाट, पद्मिनी, अँबॅसडर अशा गाड्यांत बहुतेक हीच असते. छताच्या पत्र्याखाली या बाजूपासून त्या बाजूपर्यंत तारेच्या कमानी असतात. कापडाला किंवा रेक्झिनला वरच्या अंगानं नेफा शिवलेला असतो. लेंग्याच्या नेफ्यात नाडी जाते ना, तशी या नेफ्यात कमान जाते. कापड पत्र्याला चिकटवलेलं नसतं, कमानीवर टांगलेलं असतं. फक्त कडा चारी बाजूंना ताणून चिकटवलेल्या आणि रबरखाली दाबलेल्या असतात. अशा गाडीत कापड लोंबलं तर कारण तीनपैकी एक असतं. नेफ्याची शिलाई उसवली, कमान गंजून मोडली किंवा कडेचा डिंक सुटला.

दुसरी पद्धत नव्या गाड्यांची, पुठ्ठ्याची. छताच्या आकाराचा एक दाबलेला कडक पुठ्ठा असतो, त्यावर पातळ फोम आणि फोमवर कापड. ही तिन्ही एकमेकांना चिकटवलेली असतात. दहा-बारा वर्षांनी या गाड्यांचं कापड फुग्यासारखं खाली येतं. लोक म्हणतात डिंक सुटला. खरं तर बहुतेक वेळा डिंक नाही, फोम मेलेला असतो. ऊन आणि दमट हवा यांनी फोम आतून कुजतो आणि त्याचा भुगा होतो. घरातल्या जुन्या सोफ्याची गादी फाडली की पिवळा भुगा पडतो, तसाच.

म्हणून वरून सुईनं डिंक सोडणं, टाचण्या मारणं किंवा जुन्याच कापडाला परत चिकटवणं हे उपाय चार-आठ दिवस टिकतात. भुग्यावर डिंक लावला तर तो भुग्यालाच चिकटणार, पुठ्ठ्याला कसा चिकटेल? माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीला एका कारागिरानं असंच जुन्या फोमवर नवं कापड मारून दिलं होतं. पहिला उन्हाळा लागला आणि कापड फोमसकट डोक्यावर आलं. पैसे गेले ते गेलेच.

आधी पाणी शोधा, मग कापड

कापडावर पिवळे-तपकिरी डाग असतील तर नवं कापड घ्यायची घाई करू नका. डाग म्हणजे पाणी येतंय. ते बंद केल्याशिवाय नवं कापड लावणं म्हणजे कौलं गळत असताना भिंतीला रंग देण्यासारखं आहे.

पाणी जिथं ठिबकतं तिथंच भोक असेल असं समजू नका. ते पत्र्याच्या आतून कमानीच्या कडेनं वाहत जातं आणि भलत्याच जागी पडतं. शोधायची सोपी पद्धत अशी. आतलं कापड सोडवा. एक माणूस बॅटरी घेऊन आत बसवा. दुसऱ्यानं बाहेरून साध्या पाईपनं, जोर न लावता पाणी सोडायचं. सुरुवात खालून करायची. आधी काचेचं खालचं रबर, मग बाजू, मग वरचं रबर, मग पन्हळ आणि शेवटी छत. एकेका जागी चार-पाच मिनिटं थांबायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे पसरतं आणि काही कळत नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा पाईप वापरू नका. तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घालतो.

जुन्या गाडीत संशयाच्या जागा ठरलेल्या असतात. पुढच्या-मागच्या काचेचं कडक झालेलं रबर, रेडिओच्या अँटेनाचं किंवा कधीकाळी बसवलेल्या कॅरिअरचं भोक, आणि छताच्या कडेची पन्हळ. या पन्हळीत दोन पत्र्यांचा जोड असतो. तो जोड बुजवणारा मसाला वाळून तडकतो आणि तिथून पाणी आत शिरतं.

आबांच्या फियाटमध्ये डाग होता मागच्या सीटच्या वर, आणि पाणी येत होतं ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पन्हळीतून. बाहेरून रंगाखाली बारीक रेघ दिसत होती. खरवडली तर वीतभर गंज निघाला. डेंटरनं गंज घासून काढला, कुजलेला तुकडा बदलला, रेड ऑक्साईड मारलं, जोड बुजवला आणि मग रंग दिला. नुसतं सिलिकॉन फासून मोकळे झाले असते तर गंज आतल्या आत पसरत गेला असता.

कमानीच्या छताचं काम कसं होतं

हे काम हाताखाली शिकलेल्या कुशनवाल्याचंच आहे. तरी मालकाला क्रम माहीत असावा, म्हणजे फसवणूक होत नाही.

१. बॅटरीची तार काढा. छतातल्या दिव्याची वायर हाताशी येते, शॉर्ट होऊ शकते.

२. काढण्याआधी मोबाईलवर भरपूर फोटो काढा. आरसा, सन व्हायजर, दिवा, हँडल यांचे स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून वर नाव लिहा.

३. अशा गाड्यांत कापडाची कड बऱ्याचदा काचेच्या रबरखाली गेलेली असते. पूर्ण काम करायचं तर पुढची-मागची काच उतरवावी लागते. जुनं रबर काढताना तुटतंच. म्हणून नवं रबर आधी आणून ठेवा. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या बाजूला जुन्या गाड्यांचे भाग मिळतात. रबर मिळायच्या आधी काच काढून बसलात तर गाडी पावसात उघडी पडेल.

४. कमानींना पुढून मागे नंबर टाका आणि डावी-उजवी बाजूही खुणा. सगळ्या कमानी सारख्या दिसतात, पण प्रत्येकीचा बाक वेगळा असतो. अदलाबदल झाली की कापडाला कायमची सुरकुती. गंज घासून रंग मारा, नाहीतर नव्या कापडावर गंजाची रेघ उमटते.

५. जुनं कापड फेकू नका. तोच तुमचा नमुना आहे. शिलाई उसवून, सपाट पसरून, त्यावरून नवं कापड बेतायचं. चारी बाजूंना चार-चार इंच जास्त ठेवा. जास्तीचं कापता येतं, कमी पडलेलं जोडता येत नाही. नेफा शक्यतो सुती पट्टीचा शिवावा, आणि त्याची जागा जुन्या कापडावर होती तिथंच असावी.

६. पत्र्याचा आतला भाग साफ करून गंजरोधक रंग मारा. उष्णता अडवणारी पातळ मॅट लावायची असेल तर हीच वेळ. जाड आणि जड मॅट लावू नका, ती सुटून कापडावर बसते.

७. कापडाच्या मधोमध खडूनं रेघ मारा, छताच्या मध्यावरही खूण करा आणि दोन्ही जुळवा. आधी कमानी बसवायच्या, मग पुढून-मागून ताण द्यायचा आणि शेवटी बाजू. एकच बाजू सगळी ओढून चिकटवायची नाही. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं करत जायचं. कपडे वाळत घालायचे चिमटे इथे फार उपयोगी पडतात. चिमट्यांवर सगळं बसवून बघायचं, पटलं की मगच डिंक.

८. डिंक कॉन्टॅक्ट प्रकारचा, उष्णता सोसणारा हवा. तो दोन्ही अंगांना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यायचा आणि मग दाबायचा. ओला असताना दाबला तर धरत नाही आणि कापडातून डाग बाहेर येतो. उन्हात बंद गाडीच्या आत तापमान पन्नास अंशांच्या वर जातं, छताजवळ त्याहून जास्त. साधा डिंक तिथं पातळ होतो.

एक सूचना महत्त्वाची. या डिंकाची वाफ पेट घेते आणि डोकं गरगरवते. चारही दारं उघडी ठेवा, बिडी-सिगारेट लांब ठेवा, तोंडाला मास्क बांधा. जुना भुगा आणि उंदराच्या लेंड्या झाडतानाही मास्क हवाच.

हे काम चैत्र-वैशाखात करावं. उन्हात रेक्झिन मऊ होतं, ताण चांगला बसतो, बारीक सुरकुत्या आपोआप जातात. पावसाळ्यात दमट हवेमुळे डिंक नीट वाळत नाही. भातलावणीच्या दिवसात तर आपल्याला वेळही नसतो.

पुठ्ठ्याच्या छताचं काम

इथे पुठ्ठा पूर्ण बाहेर काढावा लागतो. सीट झोपवून तो मागच्या दारातून हळूच काढतात. वाकवला तर मोडतो. मग जुना फोम नायलॉनच्या ब्रशनं खरवडून पुठ्ठा कोरा करायचा. कंटाळवाणं काम आहे, पण सगळी टिकाऊपणाची गोष्ट यातच आहे. मग फोम लावलेलं तयार कापड घेऊन आधी अर्ध्या भागावर, मग उरलेल्या अर्ध्यावर मधून कडेकडे हात फिरवत बसवायचं. खोलगट जागी कापड ओढून नेऊ नका, हातानं आत दाबा. ओढलेलं कापड तिथून सुटतंच.

नव्या गाड्यांत छताच्या कडेला एअरबॅग असू शकतात. खांबावर किंवा कडेला एअरबॅग असं लिहिलेलं दिसलं तर घरी हात घालू नका.

ज्या गाडीला कंपनीचाच सनरूफ आहे

आता गावागावात सेकंडहँड सनरूफवाल्या गाड्या आल्यात. जुन्या परदेशी गाड्यांनाही काहींना असतो. त्यांची तक्रार एकच, पावसाळ्यात छताचे कोपरे ओले होतात. लोक लगेच सनरूफचं रबर बदलतात. पण एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सनरूफचं रबर सगळं पाणी अडवण्यासाठी नसतंच. थोडं पाणी आत येणार हे धरूनच रचना केलेली असते. काचेखाली चारी बाजूंना पन्हळ असते, तिच्या कोपऱ्यांना बारीक नळ्या असतात आणि त्या खांबांच्या आतून पाणी खाली बाहेर सोडतात. आपल्या घराच्या पन्हळीला पाईप असतो तसंच.

आपल्याकडे गाडी झाडाखाली उभी असते. पानं, मोहोर, धूळ यांनी ही नळी तुंबते. मग पन्हळ भरते आणि पाणी छताच्या कापडात उतरतं. तपासायचं असेल तर सनरूफ उघडून कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओता. चाकाजवळ किंवा दाराच्या खाली पाणी पडलं तर नळी मोकळी आहे. पाणी तिथंच साचलं तर तुंबली आहे.

साफ करायला ब्रश कटरची म्हणजे गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घ्या. टोक जाळून गोल करा आणि हळूच नळीत सारा. तार घालू नका, नळी फाटते. पंक्चरवाल्याकडची जोराची हवाही मारू नका. आतल्या आत नळी सांध्यातून निसटली तर सगळं पाणी खांबात आणि सीटखाली जाईल.

अशा गाडीचं कापड बदलताना दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे जाड फोमचं कापड. सनरूफच्या काचेखाली आतून सरकणारी फळी असते, तिलाही कापड असतं. तिची जागा अगदी मोजकी असते. जाड कापड लावलं की फळी अडकते, ओढाताणीत कापड गोळा होतं आणि प्लॅस्टिकचे तुकडे तुटतात. मूळ कापडाची जाडी मोजूनच नवं घ्या. दुसरी चूक, भोक आधीच पूर्ण कापणं. आधी सगळं कापड चिकटवून घ्यायचं, मग मधलं कापताना कडेला किमान इंचभर राखायचं. कोपऱ्यात तिरपा छेद द्यायचा, पण काठाच्या थोडा आधी थांबायचं. छेद काठापर्यंत गेला की तो उघडा दिसतो आणि मग झाकायला काही उरत नाही.

नवा सनरूफ पाडायचा का?

आता नातवाचा मूळ प्रश्न. पत्रा कापून बाहेरचा सनरूफ बसवायचा का?

कायदा आधी बघू. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं मुळात दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. सीएनजी किट किंवा दिव्यांगांसाठीचे बदल अशा काही गोष्टींना परवानगीनं वाट आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असा निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे.

आतलं फाटकं कापड बदलणं ही दुरुस्ती झाली. पत्रा कापणं हा बदल झाला. जुन्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते आणि त्यावेळी गाडी तपासली जाते. तिथं हा प्रश्न निघू शकतो. अपघात झाला तर विमा कंपनीही बोट दाखवू शकते.

आबांच्या गाडीच्या बाबतीत आणखी एक मोठी गोष्ट होती. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी, जिच्या चॅसी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल केलेला नाही, तिची विंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं आणि पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार. नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं येतात. अट अशी, की मग ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशाच कारणासाठी रस्त्यावर आणायची. त्यामुळे ही नोंदणी सगळ्यांच्या सोयीची नाही. पण १९७० ची ही फियाट त्यात बसू शकते. आज छत कापलं तर ती वाट कायमची बंद. पन्नास वर्षं राखलेली गाडी एका दुपारच्या कटरनं साधी जुनी गाडी होऊन बसली असती.

तिसरी बाजू सुरक्षेची. छताचा पत्रा आणि त्याखालच्या पट्ट्या मिळून गाडीला ताकद देतात. गाडी उलटली तर तेच आपल्याला वाचवतं. मधोमध भोक पाडलं आणि भोवती मजबूत चौकट दिली नाही तर ती ताकद जाते. आणि बाहेरून बसवलेल्या सनरूफला पाण्याच्या नळ्या नीट दिलेल्या नसतील तर आपल्या भागातल्या पावसात काय होईल ते सांगायला नको.

वरातीत सनरूफमधून उभं राहायची हौस तर विसराच. नसरापूर-वेल्हे रस्त्याला झाडांच्या फांद्या आणि गावात आडव्या वायरी आहेत. अचानक ब्रेक लागला तर उभ्या माणसाला धरायला काही नसतं. लहान पोरांना तर अजिबात उभं करू नये.

मग हौस भागवायची कशी?

नातवाला खरं तर काय हवं होतं? आत अंधार वाटू नये, मोकळं वाटावं. त्याला दुसरे मार्ग आहेत. जुनं काळपट रेक्झिन काढून फिकट साईच्या रंगाचं लावलं. छताच्या मूळ दिव्याच्या जागीच एलईडी बल्ब घातला. पुढच्या दाराची तिकोनी छोटी काच जाम झाली होती, ती मोकळी केली. ती काच तिरपी केली की वारा असा आत येतो, की पंख्याची गरज राहत नाही. पत्र्याला आतून मॅट लागल्यानं उन्हाचा चटकाही कमी झाला.

गाडी तयार झाल्यावर नातू पहिल्यांदा आत बसला, वर बघितलं आणि म्हणाला, "आबा, गाडी मोठी झाल्यासारखी वाटती."

आबा म्हणाले, "गाडी तेवढीच आहे. तुला आता दिसायला लागली."

काम देताना हे विचारा

कारागिराला काम देण्याआधी चार गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. जुना फोम पूर्ण खरवडणार का, की त्यावरच मारणार? डिंक कोणता, उष्णतेला टिकणारा का? काच उतरवावी लागली आणि फुटली तर जबाबदारी कोणाची? आणि कापडाचे पैसे मीटरवर की ठोक? कापडाचा वीतभर तुकडा आधी घरी आणा, आठ दिवस उन्हात ठेवा, पाण्यात भिजवून बघा. रंग उडाला किंवा फोम सुटला तर ते कापड नको.

काम झाल्यावर पैसे पुरे करण्याआधी परत एकदा पाईपची परीक्षा घ्या. आबांनी घेतली. अर्धा तास पाणी मारलं, आत एक थेंब नाही.

आणि गाडी ठेवायची जागा बदला. पेंढा, भुस्सा, धान्याची पोती यांच्याजवळ गाडी ठेवली की उंदीर आलाच. तो कापड फाडून त्याचंच घर करतो आणि वायरीही कुरतडतो. पावसाळ्यात प्लॅस्टिकचा कागद गाडीला घट्ट गुंडाळू नका, आत वाफ धरते आणि बुरशी येते. वरून शेड आणि बाजूनं वारा, ही पद्धत चांगली. उघडीप पडली की आठवड्यातून एकदा दारं उघडी टाकून गाडी हवेला द्या.

मृग जवळ आला आहे. भाताची रोपं टाकायच्या आधी एक दुपार काढा, पाईप घ्या, घरातलं एक पोरगं बॅटरी देऊन गाडीत बसवा. छत कुठं गळतंय ते आत्ताच कळलं तर काम कुशनवाल्यात भागेल. आणखी दोन पावसाळे गेले तर डेंटर आणि पेंटर दोघांचीही पायरी चढावी लागेल.